गुरुवारची सुट्टी

देवानं सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, असं रविवारच्या शाळेत आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. घरात मात्र विसावा गुरुवारी असायचा. कारण साधं होतं, विजेचं. सगळ्या कारखान्यांना एकाच दिवशी सुट्टी दिली तर उरलेले दिवस विजेची ओढाताण व्हायची, म्हणून भागाभागानं सुट्टीचे वार वाटून दिले गेले. त्यात पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला. एकीकडे मोशेला मिळालेली आज्ञा, दुसरीकडे वीज मंडळाची. आमच्या वडीलमंडळींनी दोन्ही पाळल्या.

रविवारी पहिली पाळी असली तर संध्याकाळची उपासना. दुसरी असली तर सकाळची. आणि रात्रपाळी करून सुटलेला गडी सरळ गेटवरून सायकलनं देवळात, रिकामा डबा हँडलला तसाच. सगळ्यात मागचं बाक त्यांच्यासाठीच ठेवलेलं. पहिल्या गीताला उभे राहायचे, शास्त्रवाचनाला डोळे मिटायचे ते थेट आशीर्वादालाच उघडायचे. नव्या आलेल्या कुणीतरी एकदा पाळकसाहेबांकडे तक्रार केली. साहेब म्हणाले, "झोपू द्या. विसावा देतो असं प्रभूनं ज्यांना सांगितलंय ना, ते हेच."

आम्ही म्हणजे कोण? काळेवाडीतल्या एका गल्लीतली बारा-तेरा घरं. बहुतेक नगर जिल्ह्यातून आलेली, एक-दोन जालन्याकडची. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 साली, त्यामुळे आमच्यात कुणाच्या चार पिढ्या झालेल्या, कुणाच्या पाच. दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न "कुठले?" आणि दुसरा "कुठल्या मिशनचे?" कुणी अमेरिकन मिशनचे, कुणी एसपीजीचे, कुणी मुक्तिफौजेचे, कुणी कॅथलिक. गावाकडं असताना या गटांचं एकमेकांत लग्न जमवायचं म्हणजे दोन बैठका जास्त लागायच्या. इथं आल्यावर सगळ्यांचा नळ एक, संडासची रांग एक आणि रॉकेलचा नंबरही एकाच दुकानात. मिशनं आपोआप पातळ झाली.

आधी आले ते पेनिसिलीनच्या कारखान्यात. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 साली पिंपरीत उभी राहिली, तेव्हा इथं माळरान आणि बाभळी. मग 1962 साली एमआयडीसी झाली, मग एकामागून एक शेड, चिमण्या, भोंगे. आणि मग 1972 चा दुष्काळ. त्या वर्षी नगरकडच्या विहिरी आटल्या आणि आमची निम्मी गल्ली एसटीत बसली. शिवाजीनगरला उतरायचं, रेल्वेनं पिंपरी, तिथून पवनेवरून पायी काळेवाडी. अर्धा गुंठा जागा, वर पत्रा, पत्र्यावर दगड.

येताना काय आणलं? एक पत्र्याची ट्रंक, वळकटी, पाटा-वरवंटा, जर्मनची दोन पातेली, काळ्या कव्हराचं पवित्र शास्त्र, पुठ्ठा सुटलेलं उपासना संगीत, आणि गावच्या मंडळीचा दाखला. हा दाखला म्हणजे अमुक मनुष्य आमच्या मंडळीचा सभासद आहे, त्याला आपल्यात घ्यावं, एवढ्या दोन ओळींचा कागद. रेशनकार्डाच्या आधी तो जपला जायचा. नोकरीच्या अर्जालाही कुणी कुणी तो जोडला होता म्हणतात. काही उपयोग झाला नाही, पण जोडला होता.

आणि आणला तो "सलाम". नगरकडं आमच्यात भेटल्यावर सलाम म्हणतात. लहान म्हाताऱ्याला म्हणतो, म्हातारा लहानाला म्हणतो. कोपऱ्यावरचा वाणी पहिली दोन वर्षं आम्हाला मुसलमान समजत होता आणि ईदला शेवयांचा पुडा बाजूला काढून ठेवायचा. आम्ही तो घ्यायचो. गैरसमज दूर करावा असं कुणाला फारसं वाटलं नाही, शेवया चांगल्या असायच्या. पुढं मोठेपणी कळलं की सलाम काय आणि बायबलातला शालोम काय, एकाच घराण्यातले शब्द, अर्थ शांती. म्हणजे पाण्याच्या रांगेत कळशीला कळशी लागून भांडणारी माणसं भांडण सुरू करायच्या आधी एकमेकांना शांती देऊन घेत होती.

आता पेटीचं सांगायला हवं. गुरुवारी संध्याकाळी घरगुती प्रार्थना असायची, एकेका आठवड्याला एकेका घरी. टाळ होते, डफ होता, पण पेटी नव्हती. वर्गणी काढली, दर घरी तीन रुपये. पुण्यातला जुना बाजार भरतो बुधवारी आणि रविवारी. देवाच्या पेटीसाठी रविवारची उपासना कशी बुडवायची, म्हणून दोघं बुधवारी रात्रपाळी करून तसेच गेले आणि डोळे चोळत एक पेटी घेऊन आले. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की तमाशाच्या फडातली आहे. ही गोष्ट गल्लीतल्या थोरल्या मावशींपासून वर्षभर लपवून ठेवली. कळली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मग तिला सूर चांगला ठाऊक असणार."

ती पेटी एवढ्यांदा दुरुस्त झाली की मूळची किती उरली हा प्रश्नच आहे. भात्याला भेग पडली, तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी आली, पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलेली. ती सुटली, तेव्हा पवित्र शास्त्राला कव्हर घालून उरलेलं काळं रेक्झिन आलं. एक पांढरी पट्टी तुटली. टूलरूममध्ये असलेल्या मामांनी नायलॉनचा तुकडा घासून, मायक्रोमीटर लावून, शेजारच्या पट्टीशी जाडी जुळवून तिथं नवी पट्टी बसवली. बाकीच्या पट्ट्या पिवळ्या पडल्या, ही अजून पांढरीफेक आहे. मामा म्हणायचे, पेटीवाल्यांनी केलेली नाही, कंपनीच्या माणसानं केलीय, टिकणारच. कान देऊन ऐका: नवी पट्टी खालच्या पट्टीला घासते आणि दर वेळी "टक्" असा बारीक आवाज येतो. आम्हाला ती टक् एवढी सवयीची झाली की दुसरीकडं तेच गीत ऐकताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

गुरुवारी वीज मंडळ दुरुस्ती काढायचं. कधी कधी संध्याकाळ झाली तरी दिवे यायचे नाहीत. मग कंदील. कंदिलात पुस्तकातलं बारीक टाइप दिसायचं नाही, म्हणून सगळ्यांना गीतं पाठ. रेव्हरंड टिळकांची, कृष्णराव सांगळ्यांची, आणि ज्यांचे कर्ते कुणालाच ठाऊक नाहीत अशी. शेजारच्या माळकरी काकू दारात येऊन बसायच्या, चाल ओळखीची म्हणून. त्यांना आत या म्हटलं की म्हणायच्या, इथनं बरं ऐकू येतं. त्यांचंही बरोबर होतं. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला खरा, पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं तेच सांगत. आणि आमच्या गल्लीपासून देहू किती लांब? सायकलनं तासाभराच्या आत. ज्येष्ठात तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला यायची, तेव्हा आमच्या बायका पिंप आणि ग्लास घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या. वारकरी "माउली" म्हणायचे, आमच्या मावशी "सलाम" म्हणायच्या. पाणी दोघांच्याही मध्ये.

गीतानंतर प्रार्थना, आणि प्रार्थना म्हणजे यादी. थोरल्या मावशींची यादी आकाशवाणीवर चालायची. सकाळी सात पाचच्या पुण्याच्या बातम्या त्या चहाची गाळणी हातात धरून ऐकायच्या आणि गुरुवारी ते सगळं देवापुढं मांडायच्या, त्याच क्रमानं. युद्धावर असलेले शिपाई, आपले आणि पलीकडचे. पाऊस न झालेली गावं. पूर आलेली गावं. पंतप्रधान. नगरपालिका. कंपनीचे साहेब, त्यांना दया दे. युनियनचे पुढारी, त्यांना शहाणपण दे. टेंपररी पोरं, त्यांना सातव्या महिन्यात ब्रेक मिळू नये. शेवटी गल्लीतली आजारी माणसं, नावं घेऊन, आजार सांगून. त्यामुळं कुणाला मूळव्याध आहे हे सगळ्या गल्लीला माहीत असायचं. आम्ही पोरं डोळे किलकिले करून बघायचो, ज्याचं नाव आलं त्याचा चेहरा कसा होतो ते.

आता जगाच्या या सगळ्या भानगडी अर्ध्या गुंठ्यातल्या एका खोलीत आणून ठेवून काय फरक पडत होता? बातम्या तर दुसऱ्या दिवशी सात पाचला तशाच. पण मावशी रेडिओ बंद करायच्या आणि पोळ्यांना बसायच्या. ज्याच्या ताब्यात द्यायचं त्याच्या ताब्यात दिलं, असा त्यांचा हिशेब. हल्ली आम्ही दिवसभर हातातल्या फोनवर बातम्या ऐकतो आणि कुणाच्याच ताब्यात देत नाही.

एक वर्ष मात्र यादी घशाशी अडकली. एका मोठ्या कंपनीत संप झाला. नाव कशाला, ज्यांनी पाहिलं त्यांना वर्ष सांगितलं तरी कळेल. टूलरूमचे मामा गेटबाहेर, मांडवात. आणि पेटी वाजवणारे काका तिसऱ्या आठवड्यात आत कामाला गेले. त्यांच्या घरी बायको बाळंतपणाला आलेली, आधीचं एक मूल गेलेलं, आम्हाला सगळं ठाऊक होतं. मामांनाही ठाऊक होतं. पण संप तो संप. दोघांच्या भिंतीला भिंत, मध्ये एक पत्रा, आणि तीन महिने एक शब्द नाही. मामी आणि काकू मागच्या दारानं एकमेकींना पीठ द्यायच्या, ते गुपचूप.

गुरुवारी दोघंही यायचे, हे विशेष. मामा दाराजवळ, काका पेटीशी. मावशी युनियन आणि साहेब दोघांसाठी प्रार्थना करायच्या तेव्हा दोघंही मान खाली घालून बसायचे. आणि अशाच एका गुरुवारी गीताच्या मधेच पेटीतली स्प्रिंग तुटली. पट्टी खाली गेली ती वर येईना. तो सूर वाजतच राहिला, लांबलचक, भाता सोडेपर्यंत.

ती स्प्रिंग दुरुस्त करू शकणारा गल्लीत एकच माणूस, हे काकांना माहीत होतं, मामांना माहीत होतं, आम्हा पोरांनाही माहीत होतं. कुणी बोलेना. गीत तसंच टाळांवर संपवलं. प्रार्थना झाली, चहा झाला. मामा उठले, वाटलं घरी चालले. घरी गेले, आणि पक्कड, स्टीलच्या तारेचं भेंडोळं आणि बारीक कानस घेऊन परत आले. काकांच्या समोर मांडी घातली. पेटीचं वरचं झाकण काढलं. कंदील जवळ ओढला. तार पेन्सिलीला गुंडाळून वळवली, टोक मोडलं, कानस फिरवली, बसवली. दहा मिनिटं लागली असतील. सगळी खोली थांबलेली, एकही बाई भांडी घासायला गेली नाही. मग मामांनी झाकण लावलं आणि काकांकडं न बघता म्हणाले, "वाजवून बघ."

काकांनी वाजवून बघितलं. ती पट्टी वर आली.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. ज्याचं भावाशी वाकडं आहे त्यानं आधी जाऊन समेट करावा आणि मग अर्पण आणावं, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे, ते मावशी दोन महिने दोघांनाही ऐकवत होत्या. त्या ऐकवण्याचा परिणाम झाला का स्प्रिंगचा, यावर गल्लीत दोन मतं आहेत. संप पुढं मिटला तो कुणाच्याच मनासारखा नाही. मामांना कामावर घेतलं, दुसऱ्या खात्यात. ते निवृत्त होईपर्यंत काकांचा आणि त्यांचा डबा एकत्र असायचा.

वस्तू जपायच्या म्हणजे काय, ते त्या पिढीकडून बघावं. नाताळचा तारा आधी बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगी कागदाचा असायचा, आत झिरोचा बल्ब. दर वर्षी मोडायचा. मग फॅब्रिकेशनवाल्या एका भाऊंनी वेल्डिंग रॉडचा सांगाडा करून दिला. कायमचा. एवढा कायमचा की पहिल्याच वर्षी त्याच्या वजनानं पत्र्याचा कोपरा खाली आला. मेणबत्त्यांची शेवटची बुडखी एका डब्यात साठायची, ती वितळवून नवीन मेणबत्ती, मध्ये सुतळीची वात, धूर फार. रविवारच्या शाळेत मिळालेली वचनांची रंगीत तिकिटं पेढ्याच्या खोक्यात. आणि उपासना संगीत! त्याला एवढ्यांदा खळ लावून शिवलं होतं की पुस्तक उघडं ठेवलं तर ते आपण होऊन मिटायचं.

पवित्र शास्त्राचं पहिलं पान हे घराचं दप्तर. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या हातांनी. आमच्यातल्या केडगावच्या आजींकडं पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून सोप्या मराठीत केलेलं शास्त्र होतं, 1924 सालचं. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, पुस्तक त्यांच्या मागं छापून पुरं झालं. आजींची आई मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुलींतली. त्यामुळे आजी पानावर बोट ठेवून म्हणायच्या, "ह्या ओळीत माझ्या आईचा हात असंल." कुठल्या ओळीत ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्या सगळ्याच ओळींवरून बोट फिरवायच्या. वाचायला फार वेळ लागायचा.

तेविसावं स्तोत्र आम्हाला बोलता यायला लागल्याबरोबर पाठ. त्यातला मेंढपाळ कसा असतो? आम्ही बघितलेले मेंढपाळ म्हणजे मोशी-चाकणच्या रानातून जाणारे धनगर. त्यामुळं कितीतरी वर्षं आमच्या मनातल्या प्रभूला लाल पागोटं होतं, खांद्यावर घोंगडी होती आणि मागून दोन कुत्री चालत होती. आजही ते स्तोत्र म्हटलं की आधी पागोटंच दिसतं. आता काय बदलणार.

कॅथलिक घरं सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जायची. ती यात्रा 1949 पासूनची. एसटी भरून निघायची, त्यात आम्ही अमेरिकन मिशनवालेही बसायचो. यात्रा आपली नाही, पण भेळ आपली होती. पिंपरीत खराळवाडीतल्या त्यांच्या देवळाचं नावच मुळी दुःखितांचं सांत्वन करणाऱ्या मातेचं. ले-ऑफचं पत्र हातात पडलेली माणसं, कुठल्याही मिशनची असोत, तिथं थोडा वेळ बसून यायची. देहूरोडच्या डेपोतली तमिळ-तेलुगू माणसंही तिथं भेटायची. भाषा कळायची नाही. ले-ऑफ कळायचा.

मग कंपन्या चाकणकडं सरकल्या. चाकण आम्हाला माहीत होतं ते कांद्याच्या आणि बैलांच्या बाजारासाठी. 1999 साली तिथं बजाजचा कारखाना सुरू झाला, मग 2009 मध्ये फोक्सवॅगन, 2010 मध्ये महिंद्र. आमच्या गल्लीतल्या ज्या पोरांनी मामांच्या हातात कानस बघितली होती ती आता तळेगाव-चाकण रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये दीड तास बसतात. गल्लीतली पत्र्याची घरं गेली, तीन मजली झाली. व्हीआरएस घेतलेले काका गावाकडं गेले आणि सहा महिन्यांत परत आले, तिकडं करमेना. थोरल्या मावशी गेल्या. 2020 साली मामा गेले, तेव्हा मातीला फक्त वीस जणांची परवानगी. आमच्या गल्लीत नुसते भाचे मोजले तरी वीसच्या वर होतात. ज्यांना जाता आलं नाही त्यांनी आपापल्या गच्चीत उभं राहून तेच एक गीत म्हटलं. एका गच्चीतून दुसऱ्या गच्चीत आवाज पोचायला उशीर व्हायचा, त्यामुळं गीत तीनदा संपलं.

चाकणला भाड्याच्या खोल्यांत झारखंडची, ओडिशाची, केरळची पोरं राहतात. ट्रेनी, काँट्रॅक्टवाली. त्यातली तीन-चार आता गुरुवारी आमच्याकडं येतात, कुणीतरी गेटवर ओळख काढून आणलेली. मराठी फारशी येत नाही. पहिल्या दिवशी एकानं विचारलं, हा मधे मधे "टक्" वाजतो तो काय आहे? आम्ही पांढरी पट्टी दाखवली आणि मामांची सगळी गोष्ट सांगितली, हिंदीत, आमच्या हिंदीत. त्याला किती कळली देव जाणे. पण पुढच्या गुरुवारी त्यानं बरोबर त्या टक्वर मान हलवली.

गुरुवारची सुट्टी अजून आहे. प्रार्थना साडेसातला, घर दर आठवड्याला बदलतं, कुणालाही विचारा. कप घरूनच आणावा, आमचे पुरत नाहीत. आणि एक विनंती. मामांनी बसवलेली स्प्रिंग यंदाच्या पावसाळ्यात गंजून गेली. ती पट्टी पुन्हा खालीच राहते. पुण्यात दोन दुकानांत विचारलं, दोघंही म्हणाले नवी पेटी घ्या. नवी नको आहे. कुणाच्या ओळखीत जुना टूलरूमवाला असेल, हाताला अजून कंप सुटला नसेल, तर कळवा. तार आमच्याकडं आहे.